इथाका ३७ एवढी चांगली होती, तर सैन्यानं आणि पोलिसांनी सोडली कशाला?

प्रश्न असा आलाय की इथाका मॉडेल ३७ या पंप ॲक्शन शॉटगनबद्दल (म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे करून पुढचं काडतूस भरायची छर्ऱ्यांची बंदूक) जो तो चांगलंच बोलतो, हलकी आहे, डावखुऱ्यालाही चालते, व्हिएतनाममध्ये वापरली, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे होती, मग आज जिथं बघावं तिथं रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग या दुसऱ्या पंप गनच का दिसतात? शिवाय इथाकाचे नक्की प्रकार किती, आणि काही जुन्या गनवर ३७ ऐवजी ८७ कोरलेलं असतं ती डुप्लिकेट समजायची का? तिन्हींचं उत्तर देतो, जरा लांबेल.

माझं काम आर्मोररचं, म्हणजे बंदूक चालवण्यापेक्षा ती उघडून बसण्याचं, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा. आधी मुद्दा सांगून टाकतो. इथाका वाईट होती म्हणून गेली नाही. ती एकेक करून जुळवून बसवायची बंदूक होती, आणि पोलीस खातं किंवा सैन्य काही एक बंदूक घेत नाही, हजारो घेतं, सोबत पुढच्या वीस वर्षांचे स्पेअर पार्ट घेतं आणि ती उघडणारी माणसंही तयार करून ठेवतं. त्या हिशोबात ती हरली. बंदूक म्हणून हरली असं मला आजही वाटत नाही.

सुरुवात इथाका कंपनीची नाहीच मुळात. डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, पेटंट १९१५ चं, आणि ते त्यानं रेमिंग्टनला विकलं. मधे पहिलं महायुद्ध आलं, काम मागे पडलं, मग रेमिंग्टनसाठी जॉन पेडरसननं त्यात सुधारणा केल्या आणि १९२१ साली रेमिंग्टन मॉडेल १७ म्हणून ती बाजारात आली, पण फक्त २० बोअरमध्ये, म्हणजे नेहमीच्या १२ बोअरपेक्षा बारीक नळीत. सुमारे ७३ हजार बनल्या आणि रेमिंग्टननं तो विषय सोडून दिला, कारण त्यांना बाजूनं काडतूस फेकणारं नवीन मॉडेल ३१ काढायचं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावची इथाका गन कंपनी तोपर्यंत दुनळी बंदुकांसाठी प्रसिद्ध, पण दुनळीचे दिवस संपत चाललेत हे त्यांना कळत होतं. ते पेटंट संपायची वाट बघत बसले. १९३३ ला काढायची म्हणून मॉडेल ३३ नावही ठरलं होतं म्हणतात, तेवढ्यात पेडरसनचं एक पेटंट अजून जिवंत आहे असं निघालं आणि ते १९३७ पर्यंत थांबले. म्हणून मॉडेल ३७. मंदीचा काळ, लोकांकडे पैसे नाहीत, दोन वर्षांत युरोपात युद्ध सुरू, असल्या मुहूर्तावर आलेली बंदूक पुढे वीस लाखांच्या वर बनली हे मला तरी कौतुकाचं वाटतं.

आता आत काय आहे ते बघू, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं. साधारण पंप गनमध्ये काडतूस खालून भरायचं आणि रिकामं काडतूस उजव्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतं. इथाकाला बाजूला खिडकीच नाही. रिसिव्हर, म्हणजे सगळी यंत्रणा बसते तो मधला डबा, डावीउजवीकडून सलग पोलादाचा, भोक फक्त खाली, भरायचंही तिथून आणि रिकामं पडतंही तिथूनच. पुढची मूठ मागे ओढली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, रिकाम्या काडतुसाला मागे खेचतो, ते खाली ढकललं जाऊन पायाशी पडतं, मॅगझिनमधलं, म्हणजे नळीखालच्या ट्यूबमधलं, नवीन काडतूस कॅरिअर या उचलणाऱ्या पट्टीवर येतं, मूठ पुढे ढकलली की कॅरिअर ते वर उचलून चेंबरसमोर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या घरासमोर, आणतो. एकाच भोकातून जाणं-येणं दोन्ही, त्यामुळे कॅरिअरचं टायमिंग फार नेमकं लागतं, आणि ब्राउनिंगचं डोकं इथंच दिसतं, आजही ते उघडून बघताना मजा येते.

फायदे उघड आहेत. पाऊस, वाळू, पालापाचोळा वरून किंवा बाजूनं आत शिरत नाही. डावखुऱ्या माणसाच्या तोंडासमोरून गरम काडतूस उडत नाही. लाइनमध्ये शेजारी उभा असलेल्यालाही काही लागत नाही. रिसिव्हर आखूड आणि सडपातळ असल्यामुळे १२ बोअरची गन सुमारे ३ किलोत बसते, कंपनीनं फेदरलाइट हे नाव उगाच नव्हतं दिलं. अर्थात हलकी म्हणजे खांद्याला धक्का जास्त, हे दुकानात सांगत नाहीत, पहिल्या पंचवीस काडतुसांनंतर आपोआप कळतं.

तोटेही त्याच खिडकी नसण्यातून येतात. चेंबर रिकामं आहे का हे बाजूनं बघता येत नाही, बंदूक उलटी करायची किंवा बोट घालून चाचपायचं. एकट्या शिकाऱ्याला त्याचं काही नाही. पण रेंजवर वीस जण ओळीनं उभे आहेत आणि तुम्हाला मागून चालत एका नजरेत सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या आहेत का बघायचंय, तेव्हा बाजूची उघडी खिडकी म्हणजे देवच. तसंच मॅगझिन संपलं आणि एक काडतूस घाईनं चेंबरमध्ये टाकायचंय तर ८७० मध्ये खिडकीतून टाकलं, मूठ पुढे, झालं. इथाकात ते अजिबात जमत नाही असं नाही पण बंदूक वळवून खालच्या भोकातून करायची ती कसरत आहे, त्यापेक्षा ॲक्शन बंद करून ट्यूबमध्ये काडतूस सारायचं आणि एकदा पंप करायचं हेच बरं. आणि मूठ बोल्टला जोडणारी पट्टी म्हणजे ॲक्शन बार, तो एकच आहे, ८७० ला दोन. एका बारवर मूठ तिरकी ओढली गेली तर अडखळ जाणवते, नीट घासूनपुसून वापरलेल्या गनमध्ये नाही जाणवत, पण खात्यातली बंदूक किती जण नीट पुसतात ते मी लिहायला नको.

अजून एक गोष्ट, ही फार कमी लोक बोलतात. इथाकाचा बोल्ट मागच्या टोकानं वर उचलला जाऊन रिसिव्हरच्या छतातल्या खाचेत अडकतो, म्हणजे लॉक रिसिव्हरमध्ये होतो. आणि नळी आटे तोडलेल्या चुडीनं रिसिव्हरमध्ये पाव फेरा फिरवून बसते. आता बघा, बोल्ट एकीकडे अडकतो आणि चेंबर दुसऱ्या तुकड्यात आहे, तर त्या दोघांमधलं अंतर, ज्याला आपण हेडस्पेस म्हणतो, ते नळी कशी बसलीय यावर अवलंबून. म्हणून जुन्या ३७ ला नळी कारखान्यात जुळवून बसवावी लागायची, एका गनची काढून दुसरीला लावता येत नव्हती. साधारण १९६० च्या दशकात, सिरियल नंबर ८,५५,००० च्या पुढे, हे बदललं आणि नळ्या अदलाबदल करता यायला लागल्या. रेमिंग्टन ८७० मध्ये हा प्रश्न पहिल्या दिवसापासून नव्हता, तिचा लॉकिंग ब्लॉक थेट नळीच्या मागच्या वाढवलेल्या भागात अडकतो, नळी बदला, काही जुळवायला नको. कुठल्याही स्टोअरकीपरला विचारा त्याला कुठली हवी.

आता स्लॅम फायर, यावर सगळ्यांचा जीव. जुन्या ३७ ला ट्रिगर डिस्कनेक्टर नव्हता. म्हणजे चाप दाबून धरला आणि नुसती मूठ मागेपुढे करत राहिलं तर बोल्ट लॉक झाला की लगेच बार उडतो, प्रत्येक वेळी चाप सोडायची गरज नाही. विंचेस्टरच्या मॉडेल ९७ आणि मॉडेल १२ या जुन्या पंप गनना पण असंच होतं. लोक याला मुद्दाम दिलेली सोय समजतात, खरं तर त्या काळी तो पार्ट नसणं हीच पद्धत होती, सैनिकांनी त्याचा उपयोग करून घेतला. पाच-सहा काडतुसं काही सेकंदांत संपवता येतात. जंगलात वळणावर समोरासमोर गाठ पडली तर याची किंमत कळते. पोलिसाच्या हातात मात्र हीच गोष्ट डोकेदुखी, घाबरलेला माणूस चापावर बोट तसंच ठेवून पंप करतो, त्याला पुढचा बार उडवायचाच नसतो आणि तो उडतो. मग कोर्ट, नुकसानभरपाई, चौकशी. १९७५ च्या सुमारास इथाकानं डिस्कनेक्टर घातला आणि तो विषय संपला, जुन्या गन शोधणारे हौशी लोक अजून हळहळतात.

सैन्याचं बोलायचं तर शॉटगन युद्धात गाजली ती इथाकाच्या आधी, विंचेस्टर ९७ मुळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं तिची २० इंची नळी, वर भोकाभोकांचं पत्र्याचं कवच आणि पुढे संगीन लावायची सोय अशी ट्रेंच गन करून फ्रान्समध्ये नेली. एका काडतुसात ८.४ मिलिमीटरचे ९ छर्रे, मॅगझिनमध्ये ५ आणि चेंबरमध्ये १, म्हणजे खंदकाच्या अरुंद वळणावर एका माणसाकडून ५४ छर्रे. जर्मनीनं १९ सप्टेंबर १९१८ ला रीतसर निषेध नोंदवला की हे हेग कराराच्या विरुद्ध आहे, विनाकारण यातना देणारं शस्त्र आहे, आणि ज्या कैद्याकडे अशी बंदूक किंवा तिची काडतुसं सापडतील त्याला मारू अशी धमकी दिली. अमेरिकेनं उत्तर दिलं की बंदूक कायदेशीरच आहे आणि आमच्या एकाला हात लावाल तर आम्हीही बदला घेऊ. विषारी वायू सोडणाऱ्यांनी छर्ऱ्यांबद्दल तक्रार करावी हे जरा अतीच होतं, असो, नोव्हेंबरात युद्धच संपलं.

तेव्हा एक धडा मात्र मिळाला. कागदी काडतुसं चिखलपाण्यात फुगायची आणि चेंबरमध्ये जायची नाहीत, म्हणून पितळी काडतुसं आली. दुसऱ्या महायुद्धातही पॅसिफिकच्या बेटांवर पितळी काडतुसंच लागली. या युद्धात सैन्यानं हाती लागेल ती शॉटगन घेतली, विंचेस्टर ९७ आणि १२, स्टीव्हन्स, रेमिंग्टन ३१, त्यात इथाका ३७ सुद्धा, पण थोड्याच. कारण इथाकाचा कारखाना दुसऱ्याच कामाला जुंपला होता, त्यांनी १९४३ ते १९४५ मध्ये ३ लाख ३५ हजारांच्या आसपास एम १९११ ए १ पिस्तुलं बनवली. त्यामुळे संगिनीची सोय असलेली अस्सल इथाका ट्रेंच गन ही आज संग्राहकांकडची सगळ्यात दुर्मिळ चीज, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नकली तिच्याच सापडतात. कवच आणि संगिनीचा जोड नवीन बनवून साध्या गनला लावणं अवघड काम नाही. कुणी स्वस्तात देतोय म्हणाला तर तिथंच थांबा.

इथाकाचं खरं सैनिकी नाव झालं व्हिएतनाममध्ये. तिथं दोन-तीन गोष्टी एकत्र जुळून आल्या. एक म्हणजे दाट झाडी, दहा-पंधरा पावलांवर शत्रू, रायफलनं नेम धरायला वेळच नाही. दुसरं, १९६० मध्ये रेमिंग्टननं प्लास्टिकची काडतुसं आणली आणि कागद फुगायची कटकट गेली. तिसरं म्हणजे बंद रिसिव्हर, भाताच्या खाचरातून आणि ओढ्यांतून चालताना वरून चिखल आत जात नाही. अमेरिकन नौदलाच्या सील या कमांडो तुकड्यांमध्ये पुढे चालणारा माणूस, पॉइंट मॅन, ही गन बाळगायचा. दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यालाही इथाका दिल्या गेल्या, अंगानं लहान माणसाला ३ किलोची गन सोसते हे तिथं उपयोगी पडलं असणार.

याच काळातला तो बदकाच्या चोचीसारखा तोंडाचा प्रकार, डकबिल. नळीच्या टोकाला असा चोक, म्हणजे छर्ऱ्यांच्या पसरण्याला वळण देणारं तोंड, लावायचा की छर्रे गोल न पसरता आडवे पसरावेत. कल्पना अशी की माणसं रस्त्यावर आडवी विखुरलेली असतात, वर आकाशात आणि खाली मातीत छर्रे वाया कशाला घालवा. त्यासाठी ९ मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसापेक्षा ४ नंबरचं काडतूस बरं पडायचं, त्यात ६ मिलिमीटरचे २७ छर्रे, आडवा पट्टा दाट भरतो. फोटोत फार भारी दिसतं. माझं मत विचाराल तर हे एका विशिष्ट कामाचं हत्यार होतं, अँबुशमध्ये, जवळून, पायवाटेवर. बंदूक जरा तिरकी धरली की तुमचा आडवा पट्टा पण तिरका, मग सगळा हिशोब चुकला. आणि लहान छर्ऱ्याचा जोर लवकर संपतो, झाडोऱ्यातून पुढे जाता जाता अजूनच.

शॉटगनच्या मर्यादा व्हिएतनामनं पण दाखवल्याच. पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे छर्ऱ्यांचा भरवसा नाही. काडतूस जड आणि जाडजूड, एम १६ रायफलवाला ज्या वजनात शेकडो गोळ्या नेतो त्यात तुमच्याकडे मोजकी काडतुसं. भरायचं एकेक करून. म्हणून तुकडीत एखाददुसरी शॉटगन ठीक, सगळ्यांकडे दिली असं कधी झालं नाही. त्याच युद्धात मरीन कोअरनं रेमिंग्टन ८७० ची मार्क १ ही आवृत्ती घेतली, लांब मॅगझिन आणि संगिनीची सोय असलेली, आणि माझ्या मते इथाकाच्या सैनिकी नोकरीचा शेवट तिथंच सुरू झाला, कारण एकदा एक मॉडेल स्टोअरमध्ये शिरलं की पुढची ऑर्डर त्याचीच जाते.

आता पोलीस आणि प्रकार दोन्ही एकत्रच सांगतो, कारण इथाकाचे कामाचे प्रकार बहुतेक पोलिसांमुळेच आले. शिकारीच्या गनची नळी लांब, २६ ते ३० इंच. पोलिसांसाठी १८.५ किंवा २० इंची नळी, वर चकाकी नसलेला पार्कराइझ्ड मुलामा, साधा लाकडी दस्ता, आणि ५ किंवा ८ काडतुसांची क्षमता, याला एम अँड पी म्हणायचे, म्हणजे मिलिटरी आणि पोलीस. १९५९ ला डिअरस्लेअर आली, ती मूळची हरणांच्या शिकारीसाठी, छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी म्हणजे स्लग मारायला. तिची नळी आतून नेहमीपेक्षा जरा घट्ट ठेवलेली आणि वर रायफलसारखी पुढे-मागे साइट. बहुतेक शॉटगनवर पुढे एक मणी असतो, बस. तेव्हा ही साइटवाली गन पोलिसांना आवडली यात नवल नाही, गाडीच्या दारामागे किंवा लांबवर असलेल्या माणसावर स्लग नेमका मारता येतो. लॉस एंजेलिस पोलिसांनी हीच १८.५ इंची नळीत घेतली, पुढे डीएस पोलीस स्पेशल नावानं इतर खात्यांनाही विकली गेली. न्यूयॉर्क पोलिसांकडेही ३७ बरीच वर्षं होती. इमारतींच्या जिन्यात, बोळात, डावा खांदा-उजवा खांदा बदलत जाताना खालून रिकामं पडणारी गन किती सोयीची ते जो जिना चढलाय त्यालाच कळेल.

मग ती स्टेकआउट, १३ इंचांच्या आसपास नळी आणि दस्त्याऐवजी पिस्तुलासारखी मूठ. कोटाखाली लपवायला, साध्या कपड्यांतल्या पोलिसांसाठी. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानं १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन सामान्य माणसाला वेगळ्या नोंदणीशिवाय ठेवता येत नाही, त्यामुळे ती फारशी बाहेर पसरली नाही. दिसायला रुबाबदार पण खांद्याला न लावता १२ बोअर मारणं म्हणजे मनगटाशी वैर, आणि नेम म्हणाल तर समोरच्या भिंतीला लागेल एवढीच खात्री. ज्यांनी खऱ्या कामात वापरली त्यांना त्याशिवाय इलाज नव्हता म्हणून, हौसेनं घेणाऱ्यांनी एकदा मारून बघावी. बाकी अल्ट्रालाइट म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिसिव्हरची, वजन अजून कमी, ती शिकाऱ्यांची. आर्जेन्टिनात बटान ७१ नावाची ३७ ची नक्कल बनली, ती पण खालूनच काडतूस टाकते. रंग, लाकूड, कोरीवकाम यावरून मोजायला गेलात तर प्रकार मोजून संपणार नाहीत, सेवेतले म्हणून एवढेच लक्षात ठेवा.

तर मग सोडली का. किमतीपासून सुरू करू. ३७ चा रिसिव्हर पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला, आतले पार्टही मशीनवर कापलेले, आणि वर सांगितलं तसं जुळवणी हातानं. विंचेस्टर मॉडेल १२ पण अशीच होती, ती याच खर्चापायी १९६४ च्या सुमारास बंद पडली. रेमिंग्टननं १९५० ला ८७० काढताना सुरुवातच उलटी केली, रिसिव्हर पोलादाचाच ठेवला पण आतले बरेच पार्ट ठोकून काढता येतील असे, दोन ॲक्शन बार, जुळवणी शून्य. २००९ मध्ये त्यांची १ कोटीवी गन बाहेर पडली. मॉसबर्ग ५०० साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली ती तर ॲल्युमिनियमचा रिसिव्हर घेऊन अजून स्वस्त. तिचीच पुढची ५९० ए १ सैन्यासाठी जाड नळी, धातूचा ट्रिगर गार्ड, संगिनीची सोय अशी निघाली, आणि सैन्याची ३,००० काडतुसांची टिकाऊपणाची चाचणी आहे त्यात मॉसबर्ग पास झालेली आहे. हे ऐकून कागदावर सही करणारा अधिकारी दुसरं काय करेल.

८७० मध्ये दोष नव्हते असं नाही. मॅगझिनमधलं काडतूस निसटून कॅरिअर आणि बोल्टच्या मधे अडकलं की ती गन अशी घट्ट बसते की भल्याभल्यांना घाम फुटतो, १९८० च्या दशकात कॅरिअरमध्ये लवचिक पट्टी कापून त्यांना ते सोडवावं लागलं. पण दोष सुधारायला कंपनी जागेवर लागते. इथाकाची गोष्ट तिथंच बिघडली. १९८० च्या दशकात दिवाळं, १९८७ मध्ये नवीन मालक, १९९६ ला परत मालकबदल आणि कारखाना जवळच्या किंग फेरी गावात, २००५ ला तोही बंद, मग ओहायोमध्ये अपर सँडस्की इथं पुन्हा सुरू. ज्या खात्याकडे पाचशे इथाका आहेत त्याला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा, हवाय आणि फोन उचलणाराच बदललेला, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा ते नवीन टेंडर काढतात. जुन्या कारखान्याच्या आवारातल्या मातीत इतकं शिसं निघालं की सरकारच्या पर्यावरण खात्याला येऊन ती उपसावी लागली, हे जाता जाता सांगतो.

प्रशिक्षणाचंही आहे. पंप गन बिघडते त्यापेक्षा माणूस ती बिघडवतो, घाबरला की मूठ पूर्ण मागे ओढत नाही, रिकामं आतच राहतं. ८७० वर तो काय झालंय ते खिडकीत बघतो, इथाकावर त्याला काहीच दिसत नाही, तो परत परत ओढत बसतो. शिकवून हे जातं, पण वर्षातून एकदा रेंजवर येणाऱ्या शिपायाला किती शिकवणार. आणि पंपचा खटॅक आवाज ऐकून गुन्हेगार पळतो वगैरे जे सांगतात ते कृपा करून शिकाऊ पोरांना सांगू नका, आवाजावर विसंबून चेंबर रिकामं ठेवून फिरणारे निघतात.

बरं, इथाका गेली आणि ८७० सुखात राहिली असंही नाही. २८ फेब्रुवारी १९९७ ला नॉर्थ हॉलिवूडमध्ये बँक लुटून निघालेल्या दोघांनी अंगभर चिलखत घातलं होतं आणि हातात ऑटोमॅटिक रायफली, लॉस एंजेलिस पोलिसांच्या गस्तीवाल्यांकडे पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर आणि गाडीत अजूनही इथाका ३७. चाळीसेक मिनिटं गोळीबार चालला. छर्रे चिलखताला भेदत नाहीत, लांबवर तर त्यांचा नेमही नाही. तिथं ८७० असती तरी काहीच फरक पडला नसता, हे इथाकाचं अपयश म्हणून सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. त्यानंतर त्या खात्यानं सैन्याकडून जुन्या एम १६ घेतल्या आणि गस्तीच्या गाडीत रायफल ठेवायची पद्धत अमेरिकेत सगळीकडे वाढत गेली. सैन्यातही १९९९ मध्ये बेनेली एम ४ ची निवड झाली, ती सेमी ऑटोमॅटिक, पंप करायची गरजच नाही.

तरी पंप गन मेलेली नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. सेमी ऑटोमॅटिकला स्वतःचं काम करायला काडतुसाचा जोर लागतो. बीन बॅग (छर्रे भरलेली छोटी पिशवी), रबरी छर्रे, अश्रुधुराची काडतुसं, दाराची कडी उडवायची काडतुसं, यातली बरीच हलक्या जोराची, सेमी ऑटो त्यावर अडकते. पंपला फरक पडत नाही, जोर तुमच्या हाताचा. उलट बाजू ही की हात दोन लागतात. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे एजंट एडमंडो मिरेलेस यांचा एक हात गोळीनं निकामी झाला होता, त्यांनी ८७० जमिनीवर बसून, टेकवून, एका हातानं पंप करत चालवली. जमतं, पण तसं जमवायची वेळ कुणावर येऊ नये.

राहिला ८७ चा प्रश्न. डुप्लिकेट नाही. १९८७ मध्ये नवीन मालकांनी कंपनी घेतली तेव्हा त्यांनी त्याच गनचं नाव मॉडेल ८७ ठेवलं, आत सगळं ३७ च, १९९६ नंतर नाव परत ३७ केलं. त्यामुळे ८७ कोरलेली म्हणजे त्या मधल्या वर्षांतली. ती डिस्कनेक्टर आल्यानंतरची, म्हणजे स्लॅम फायर नाही, आणि नळीही बदलता येते. त्याउलट जर तुमच्या हातातल्या गनचा नंबर ८,५५,००० च्या खालचा असेल तर नळी मूळचीच आहे ना ते आधी बघा, बऱ्याच जुन्या नळ्यांवर रिसिव्हरचाच नंबर ठोकलेला असतो, तो जुळला तर उत्तम. जुळला नाही तर आर्मोररकडून गेजनं हेडस्पेस तपासून घेतल्याशिवाय एकही काडतूस उडवू नका. आणि १२ बोअरच्या जुन्या ३७ चं चेंबर पावणेतीन इंची काडतुसाचं असतं, ३ इंची मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं काडतूस, त्यात कधीकधी सरकतंही, तेवढ्यावरून चालतं असं समजू नका.